डाव्या सीटवरचा ब्रेक

शोरूममध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात आणि गाडी घरी आली की माणसं त्या नेमक्या उलट्या वापरतात. ऐनवेळी स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा जीव वाचवते; ती ‘सारखी वाजते’ म्हणून बंद केली जाते. लेनच्या मधोमध गाडी धरून ठेवणारी, पुढच्या गाडीचा वेग बघून आपला वेग सांभाळणारी सोय डोळ्यांत तेल घालून वापरायची असते. तिच्या भरवशावर हातात मोबाइल येतो. मी साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. कधीकाळी ज्यांना क्लच सोडायला शिकवलं ती माणसं आता नवीकोरी गाडी घेऊन ‘मॅडम, यातलं जरा समजावून सांगा’ म्हणत येतात. त्यांच्या गाडीतली सेटिंग्ज बघितली की काळजी वाटते. म्हणून हे जाहीरपणे लिहिते आहे.

या सगळ्याला मिळून ‘अ‍ॅडास’ म्हणतात. आपल्याकडे २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टर आणि पुढच्या वर्षी एमजी अ‍ॅस्टर, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० या गाड्या ते घेऊन आल्या. तेव्हा ती मोठ्या गाड्यांची चैन होती. आता ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट, महिंद्रा थ्री एक्सओ अशा छोट्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्येही ते मिळतं. म्हणजे आयुष्यातली पहिलीच गाडी घेणारा माणूसही ते घेऊन रस्त्यावर येतो. आतल्या आरशामागे काचेला चिकटलेला एक कॅमेरा आणि बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरमागे किंवा जाळीमागे एक रडार, एवढ्यावर सगळा डोलारा उभा असतो. कॅमेरा आकार ओळखतो: रस्त्यावरचे पट्टे, गाडीची मागची बाजू, माणूस. रडार अंतर आणि वेगातला फरक मोजतं.

यातल्या आपोआप ब्रेकबद्दल माझ्या मनात शंका नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही संस्था अपघातांच्या पोलीस नोंदी तपासते. ज्या गाड्यांत ही यंत्रणा आहे, त्या पुढच्या गाडीला मागून धडकण्याचं प्रमाण निम्म्यावर आल्याचं तिला दिसलं. पायी चालणाऱ्यांना धडक बसण्याचं प्रमाण तिच्या २०२२ च्या अभ्यासात २७ टक्क्यांनी कमी निघालं. त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट मी प्रत्येकाला सांगते: रस्त्यावर दिवे नसतील तर अंधारात हा फायदा दिसतच नाही. आपल्याकडे शहराची हद्द संपली की दिवे संपतात.

लेन धरून ठेवणारी आणि वेग सांभाळणारी सोय हा निराळा प्रकार. २०२४ मध्ये याच संस्थेने अशा गाड्यांच्या अपघातांचा हिशोब मांडला, तेव्हा या सोयीमुळे अपघात कमी होतात असा ठोस पुरावा तिला मिळाला नाही. लांबच्या प्रवासात हातापायांना आराम मिळतो हे खरं, आणि तेवढंच खरं. ती आरामाची सोय आहे. तिला सुरक्षेचं उपकरण म्हणून विकणं मला पटत नाही.

आणि ब्रेकची यंत्रणा बंद करणाऱ्यांना एक आकडा सांगायचा आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवर होते आणि २० टक्क्यांच्या आसपास पायी चालणारे होते. गाडीतल्या माणसाभोवती पत्रा असतो, पट्टा असतो, एअरबॅग असते. जी यंत्रणा आपण ‘वाजते’ म्हणून बंद करतो, तिचा सगळ्यात जास्त उपयोग गाडीबाहेरच्या माणसाला होणार असतो. त्याला विचारून कोणी बटण दाबत नाही.

आता आरामाच्या सोयीकडे येते, कारण माझं म्हणणं मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

लेन आणि वेग ही दोन्ही कामं गाडी एकाच वेळी करते तेव्हा तिला ‘लेव्हल टू’ म्हणतात. शून्य ते पाच अशा या पायऱ्या अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संघटनेने ठरवल्या आहेत. लेव्हल टूपर्यंत गाडीवर लक्ष ठेवायची जबाबदारी सतत आणि पूर्णपणे ड्रायव्हरची असते. हे ब्रोशरमध्ये खालच्या बाजूला छापलेलंही असतं. पण जबाबदारी म्हणजे नेमकं करायचं काय, हे कोणी सांगत नाही. मला ते सांगता येतं, कारण ती जागा माझ्या रोजच्या बसण्याची आहे.

आमच्या गाड्यांना डबल कंट्रोल असतं, नियमानुसार ते असावंच लागतं. विद्यार्थी उजवीकडे, मी डावीकडे, आणि माझ्या पायाखाली क्लच-ब्रेकची दुसरी जोडी. शिकाऊ लायसन्सवाल्याशेजारी बसणाऱ्याने गाडी ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी बसलं पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. लेव्हल टूची गाडी चालवणारा माणूस उजव्या सीटवर असला तरी कामाने तो माझ्या सीटवर आलेला असतो. गाडी दुसरंच कोणी चालवतंय, आणि ते चुकलं तर ब्रेक आपण मारायचा.

या सीटवर बसणं ही शिकण्याची गोष्ट आहे. टाच खाली टेकलेली आणि पंजा ब्रेकच्या वर, न टेकवता. टेकवला तर विद्यार्थ्याची गाडी अडखळते, मागे घेतला तर वेळेवर पोचत नाही. नजर विद्यार्थ्याच्या नजरेच्या पुढे. समोर काय आहे यापेक्षा, समोरचं काय याला दिसलेलं नाही, हे ओळखायचं. मेडिकलसमोर उभ्या रिक्षाआडून कोणी येणार असेल तर ते त्याच्या आधी मला दिसायला हवं. तासभर असं बसलं की स्वतः तासभर गाडी चालवण्यापेक्षा जास्त थकायला होतं. ज्याने ही जागा कधी अनुभवली नाही त्याला वाटतं, मॅडम नुसत्या बसून असतात.

नवीन इन्स्ट्रक्टर ठेवला की पहिल्या आठवड्यातल्या विद्यार्थ्याबरोबर त्याला मी निर्धास्त पाठवते. गाडी बंद पडते, उड्या मारते, पण इन्स्ट्रक्टर सावध असतो. मला घोर असतो तिसऱ्या आठवड्याचा. विद्यार्थी आता छान चालवायला लागलेला असतो. गिअर नीट पडतात, आरशात बघतो, वळणावर वेग कमी करतो. शेजारच्याचा पाय नकळत मागे येतो, तो खिडकीबाहेर बघायला लागतो, गप्पा सुरू होतात. विद्यार्थ्याला मात्र अजून समोरून येणाऱ्या एसटीचा अंदाज घेता येत नसतो. अगदी वाईट चालवणाऱ्यापेक्षा जवळजवळ चांगलं चालवणारा विद्यार्थी शेजारच्याला जास्त गाफील करतो. आजच्या लेव्हल टूच्या गाड्या कायम या तिसऱ्या आठवड्यात असतात.

माणसाच्या लक्षाची ही मर्यादा नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडार बघणारे लोक पडद्यावरच्या खुणा चुकवत होते, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले. घड्याळासारखा काटा एकेक पाऊल पुढे सरकणार, मधूनच दोन पावलं उडी मारणार, आणि ती उडी दिसली की बटण दाबायचं. १९४८ मध्ये त्याने निष्कर्ष छापले: पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवू लागतात. पुढे १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज या संशोधिकेने कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रांबद्दल लिहिलं, की सोपं काम यंत्राला देऊन आपण माणसासाठी देखरेखीचं काम उरवतो आणि तेच त्याला सगळ्यात कमी जमतं. शिवाय रोज हाताने काम न केल्यामुळे, गरज पडेल तेव्हा हातातलं कसबही कमी झालेलं असतं. पुणे-नागपूर प्रवासात समृद्धी महामार्गावर गाडी तीन तास आपोआप चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. सरळ, मोकळ्या, एकसुरी रस्त्यावर मॅकवर्थचा अर्धा तास फार लवकर संपतो.

विद्यार्थी आणि यंत्र यांच्यात एक मोठा फरक आहे. विद्यार्थी गोंधळला की मला कळतं. खांदे वर जातात, स्टिअरिंगवरची बोटं आवळतात, ‘मॅडम, मॅडम’ सुरू होतं. यंत्राला आपल्याला काही दिसत नाहीये हेच पुष्कळदा कळत नाही, त्यामुळे ते त्याच शांतपणे पुढे जातं.

कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे २३ मार्च २०१८ रोजी हेच घडलं. टेस्लाची गाडी ऑटोपायलटवर महामार्गावरून चालली होती. एका ठिकाणी डावीकडे दुसरा रस्ता फुटतो आणि दोन रस्त्यांच्या मध्ये त्रिकोणी मोकळी जागा सुटते. गाडी त्या त्रिकोणात शिरली. पुढे चालणारी गाडी आता समोर नव्हती, म्हणून यंत्रणेने ठरवून दिलेला वेग गाठायला सुरुवात केली. ताशी १०० किलोमीटरवरून ११४ पर्यंत वेग वाढला आणि गाडी समोरच्या सिमेंटच्या भिंतीवर गेली. ना ब्रेक लागला, ना स्टिअरिंग वळलं. चालवणारा तरुण अभियंता त्या वेळी फोनवर गेम खेळत होता, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० मध्ये सांगितलं. भिंतीपुढचा धक्का शोषणारा अडथळा आधीच्या अपघातात मोडला होता आणि अकरा दिवस दुरुस्त झाला नव्हता, हेही मंडळाने नोंदवलं. माणूस, यंत्र आणि रस्ता, तिघांची चूक एकाच ठिकाणी भेटली.

वेग वाढला, हा तपशील लोकांना खरा वाटत नाही. म्हणून आमच्या महामार्गावरचा प्रसंग सांगते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका नवीन गाडी घेऊन आले होते. माझ्याकडेच शिकलेले, हात चांगला. त्यांना सगळी यंत्रणा रस्त्यावर समजून घ्यायची होती, म्हणून मी शेजारी बसले. डिसेंबरची संध्याकाळ, कारखान्यांचा हंगाम भरात. कराडहून साताऱ्याकडे येताना उंब्रज सोडलं. काकांनी वेग ९० वर ठेवलेला. पुढे एक पांढरी कार ७० ने चाललेली, तिच्यामागे आमची गाडीही ७० ने. काचेखालच्या पडद्यावर त्या कारचं छोटं चित्र दिसत होतं. अचानक पांढरी कार इंडिकेटर न देता उजव्या लेनमध्ये गेली. पडद्यावरचं चित्र नाहीसं झालं. गाडीच्या हिशोबाने रस्ता मोकळा. ७२, ७५, ७८. आकडे चढायला लागले, इंजिनचा आवाज बदलला. समोर काळोखात ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीतून उसाची टोकं हातभर बाहेर आलेली आणि त्यांच्याआड लाल दिवा झाकलेला. रिफ्लेक्टर नाही. चालण्याचा वेग सायकलचा.

मी म्हटलं, ‘काका, ब्रेक.’ त्यांच्या गाडीत माझ्या पायाखाली काही नव्हतं. काकांचा पंजा ब्रेकच्या वरच होता, कारण निघण्यापूर्वी मी तो तसा ठेवायला लावला होता. त्यांनी ब्रेक मारला. गाडीची घंटा त्यानंतर वाजली.

थोडं पुढे ढाब्यावर थांबलो, चहा घेतला. काका म्हणाले, ‘मॅडम, तिला ऊस दिसलाच नाही का हो?’ तिला कदाचित दिसला असता, आणखी एका सेकंदाने. ताशी ८० च्या वेगात एका सेकंदात गाडी २२ मीटर जाते. कॅमेऱ्याला गाड्यांच्या पाठी ओळखायला शिकवलेलं असतं: दोन दिवे, नंबर प्लेट, काचेची चौकट. अंधारातल्या उसाच्या भाऱ्याला यांतलं काहीच नसतं. रडारची वेगळीच अडचण असते. उभ्या किंवा जवळजवळ उभ्या वस्तूंचे प्रतिसाद त्याला रस्त्याकडेच्या पाट्या, पूल, दुभाजक यांच्याकडूनही सतत येत असतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालवताच येणार नाही, म्हणून भरधाव असताना यंत्रणा त्यांतले पुष्कळसे बाजूला सारते. पुढची गाडी ऐनवेळी बाजूला होऊन तिच्याआडून मंद वाहन समोर येणं ही या यंत्रणांची सर्वांत अवघड परीक्षा आहे. आमच्या पट्ट्यात चार-पाच महिने ती रोज संध्याकाळी होते.

इथे साखर कारखान्यांना एक विनंती. रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीचं वजन काट्यावर करायचंच नाही, एवढं ठरवा. त्याने कॅमेऱ्यालाही ट्रॉली दिसेल आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही.

आडवं येणारं वाहन ही अशीच गोष्ट. फ्लोरिडातल्या विलिस्टनजवळ ७ मे २०१६ रोजी टेस्लाची गाडी रस्ता ओलांडणाऱ्या ट्रकच्या ट्रेलरखाली गेली. आडव्या वाहनाला ओळखून थांबण्यासाठी ती यंत्रणा बनवलेलीच नव्हती, असं तपासात स्पष्ट झालं. आपल्या महामार्गावर गावागावाला दुभाजक तोडून वाट केलेली असते. तिथून ट्रॅक्टर आडवा येतो, उलट्या बाजूने दुचाकी येते, शेळ्यांचा कळप येतो. नवीन यंत्रणा २०१६ पेक्षा पुष्कळ सुधारल्या आहेत, काहींना आडवं वाहनही कळतं. तरी आपल्या गाडीला कळतं की नाही, हे मालकाला माहीत हवं.

ते कुठे कळणार? गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंना मुलाने पुण्याहून गाडी घेऊन दिली. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी ते जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन बसलो. यंत्रणा केव्हा काम करणार नाही, याची यादी पानामागून पान चालू होती. पट्टे पुसट असतील तर. पाऊस, धुकं, समोरून ऊन असेल तर. काच मळली असेल तर. तीव्र वळण, चढ, उतार असेल तर. पुढच्या वाहनाच्या बाहेर माल आला असेल तर. वाहनाचा आकार वेगळा असेल तर. प्राणी आडवा आला तर. दुचाकी एकदम मध्ये घुसली तर. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘अहो, हे सगळं आपल्याच रस्त्याचं वर्णन आहे.’

कंपन्या लपवत नाहीत, हे त्या पुस्तकावरून दिसतं. पण ते मराठी माणसाच्या हातात मराठीत येत नाही, आणि इंग्रजी येणारेही ते उघडत नाहीत. ही पानं तेवढी वेगळी काढून, मराठीत, मोठ्या अक्षरात द्यायला किती खर्च येईल? लाखो रुपयांच्या गाडीत तो कुठे दिसणारही नाही.

आता मी माझ्या माणसांना काय सांगते ते सांगते. शहरात, बाजारात, राजवाड्याच्या परिसरात लेन धरणारी सोय बंद. तिथे पट्टेही नाहीत आणि तिचं कामही नाही. महामार्गावर ती चालू ठेवायला हरकत नाही, पण लेन बदलताना इंडिकेटर द्यायची सवय हवी. इंडिकेटर न देता खड्डा चुकवायला गेलात तर स्टिअरिंग हाताला विरोध करतं आणि नवखा माणूस तिथेच दचकतो. त्याला जोर लावून मोडून काढता येतं, हे आधीच करून बघितलेलं असलं की दचकायला होत नाही. शेंद्रे ते कागल महामार्गाच्या रुंदीकरणात जागोजागी वळणरस्ते काढले आहेत. तिथे जुने पांढरे पट्टे सरळ बॅरिकेडकडे जातात आणि खरा रस्ता डावीकडे वळतो. कॅमेऱ्याने कोणाचं ऐकावं? अशा कामाच्या पट्ट्यात आणि घाटात दोन्ही सोयी बंद. खंबाटकीसारख्या वळणांवर पुढची गाडी रडारच्या टप्प्याबाहेर जाते आणि गाडी वेग वाढवते, किंवा शेजारच्या लेनमधला ट्रक समोर आहे असं समजून उगाच ब्रेक लावते. दोन्ही वाईट.

रात्री पुढच्या गाडीपासूनचं अंतर सगळ्यात लांबचं निवडा. मध्ये कोणीतरी घुसतं म्हणून लोक ते सगळ्यात कमी करतात. घुसू द्या. घुसणाऱ्यामुळे दोन मिनिटं उशीर होतो, यापेक्षा काही नुकसान नाही.

काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. कॅमेरा किंचित तिरका बसला तरी दूरच्या अंतरावर तो शेजारच्या लेनकडे बघत असतो. बाहेरच्या गॅरेजमध्ये काच स्वस्त पडते, पण हे काम सगळीकडे होत नाही. फास्टॅगचा स्टिकर, आरशाला टांगलेल्या माळा, काचेवरची नावं कॅमेऱ्यासमोर नकोत. पुढच्या जाळीवर शोभेच्या वस्तू नकोत, मागे रडार आहे. चिखल-धूळ पुसायला एक फडकं गाडीत असू द्या.

आणि ब्रेकची यंत्रणा चालूच. यावर मला नेहमी ऐकवलं जातं की आपल्या रस्त्यावर गाडीने अचानक ब्रेक मारला तर मागचा ट्रक अंगावर येईल. ही भीती खोटी नाही. अंतर न ठेवता मागे लागणारे आहेत, आणि दुचाकी समोरून कापून गेल्यावर गाडीने कारण नसताना ब्रेक मारल्याचे प्रसंगही होतात. पण त्यावर उपाय आहे. बहुतेक गाड्यांत इशारा लवकर, मध्यम की उशिरा द्यायचा हे निवडता येतं. गर्दीत तो उशिरावर ठेवा. घंटा कमी वाजेल आणि यंत्रणा जागी राहील. मग आरशात बघायची सवय, जी मी पहिल्या दिवसापासून लावते, ती या गाडीतही सोडू नका.

स्टिअरिंगला पाण्याची बाटली लावून गाडीला हात असल्याचा भास करून देणारे, धावत्या गाडीत सीट सोडून शेजारी जाऊन बसणारे, मित्राला समोर उभं करून ब्रेक लागतो का बघणारे व्हिडिओ आपल्या देशात निघाले आहेत. त्यांच्याबद्दल एवढंच म्हणते की तो मित्र कोणाचा तरी मुलगा आहे. असं करणाऱ्याचं लायसन्स निलंबित व्हायला हवं, आणि ते झाल्याची बातमी त्या व्हिडिओइतकीच फिरायला हवी.

पण अशी माणसं थोडी. माझी काळजी साध्या, समजूतदार माणसांची आहे, ज्यांना कोणी शिकवलंच नाही. डिलिव्हरीच्या दिवशी काय होतं? गाडीवर चकचकीत कापड, हार, पेढे, केक, कुटुंबाचा फोटो. फोन ब्लूटूथला जोडून मिळतो, गाणं लागतं, सनरूफ उघडून दाखवलं जातं. अ‍ॅडासबद्दल ‘ही सगळी ऑटोमॅटिक आहे सर, काही करायला लागत नाही’ इतकं सांगून किल्ली हातात. टेस्ट ड्राइव्हला तर ‘हात सोडून बघा’ असं विक्रेत्यानेच सांगितल्याचं माझे विद्यार्थी सांगतात. ज्या माणसाला मी २१ दिवस दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायला शिकवलं, त्याला गाडी विकणारा पाच मिनिटांत ते सोडायला शिकवतो.

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत चिन्हं विचारतात, दंडाची कलमं विचारतात. गाडीतली घंटा वाजली तर काय करायचं, लेन असिस्ट कुठे वापरायचं नाही, असा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांना अजून तरी आलेला नाही. आम्हा ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनाही हे कोणी शिकवलेलं नाही. ज्याने त्याने आपलं आपण शिकायचं. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने बस आणि ट्रकमध्ये आपोआप ब्रेक, लेन सोडल्याचा इशारा आणि ड्रायव्हरच्या झोपेचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा काढला. मला तो मनापासून हवा आहे. पण वीस टन माल घेऊन घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरला ही यंत्रणा कोण समजावणार, त्याची तजवीज यंत्र बसवण्याआधी व्हायला हवी.

परिवहन खात्याने तीन गोष्टी कराव्यात. परीक्षेत या विषयाचे प्रश्न घालावेत. ड्रायव्हिंग स्कूलच्या इन्स्ट्रक्टरांना प्रशिक्षण द्यावं. आणि अ‍ॅडास असलेली गाडी ताब्यात देण्यापूर्वी ग्राहकाला एक तास रस्त्यावर नेणं विक्रेत्यांना बंधनकारक करावं, अर्धा तास दिवसा आणि अर्धा तास अंधार पडल्यावर. त्या तासात ग्राहकाने स्टिअरिंगचा विरोध मोडून बघावा, पुढची गाडी बाजूला झाल्यावर आपली गाडी वेग कसा वाढवते ते बघावं, सगळं एका झटक्यात बंद करणारं बटण न बघता बोटाने शोधावं. नियम होईपर्यंत थांबायची गरज नाही. डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी तो तास स्वतःहून मागून घ्या. शोरूमने ‘आज गर्दी आहे’ म्हटलं, तर गाडी दुसऱ्या दिवशी न्या. मुहूर्त दुसऱ्या दिवशीचाही मिळतो.